बोअर केलेल्या आरएक्स १०० ला आधी जपा, मग जेटिंग

अभिनंदन भाऊ, यामाहा आरएक्स १०० (टू-स्ट्रोक बाइक) चं बोअर-पिस्टन नवं केलंस (सिलिंडर घासून त्यात नवा पिस्टन) ते बरं केलं. जेटिंगचं, म्हणजे कार्बोरेटरमधले पेट्रोल सोडणारे जेट बदलून सेट करायचं, विचारलंस, पण आता पहिले ५०० किमी धीर धर. बरीच इंजिनं या टप्प्यातच जातात.

- जेटला हात लावायच्या आधी कार्बोरेटरचं रबर बघ, चीर असेल तर तिथनं हवा ओढतं आणि कितीही जेट बदल, गाडी लीनच (हवा जास्त, पेट्रोल कमी) चालणार.
- मेन जेट एक साइज मोठा ठेव. जरा धूर झाला, अडखळली तर चालतंय, लीन झाली की पिस्टन धरतो (तापून सिलिंडरमध्ये अडकतो). माझा असाच तुळजापूर रोडला भर मे मध्ये धरला, उघडल्यावर सायलेन्सरच्या बाजूला उभे ओरखडे, बोट फिरवलं तरी लागायचे.
- ऑइल पंप काढलेला असेल तर पेट्रोलच्या लिटरला ३०-४० मिली टू-टी (टू-स्ट्रोकचं ऑइल) मोजून टाक, अंदाजानं नको.
- थ्रॉटल कमीजास्त करत चालव, एकाच स्पीडला ओढू नको, टॉप गिअरला रखडवू पण नको, आणि १५-२० मिनिटांनी थांबून पूर्ण गार होऊ दे.

स्पार्क प्लग काढून बघ, टोक चॉकलेटी दिसलं की बरोबर, पांढरं दिसलं की थांब, लीन आहे. आणि सोलापूरच्या उन्हात सेट केलेला जेट डिसेंबरच्या सकाळी लीन पडतो, गार हवा दाट असते, तेव्हा परत प्लग बघ. कार्बोरेटरची सुई आणि पायलट जेट नंतर सांगतो.