शांत बीच रिसॉर्ट कसं निवडायचं?

प्रश्न: आम्हा दोघांना सुट्टीत नुसतं शांत पडून राहायचंय, बजेटचं टेन्शन नाही, पण फोटोत सगळीच लक्झरी रिसॉर्ट सारखी दिसतात. बुक कसं करू?

उत्तर: फोटो सोडा हो, ते कधी काढलेत देव जाणे. आधी मॅपवर सॅटेलाइट व्ह्यू उघडून शेजारी बीच क्लब किंवा मोठा रस्ता आहे का बघा, मग अलीकडचे दोन-तीन स्टारवाले रिव्ह्यू वाचा, आवाजाच्या तक्रारी तिथेच सापडतात. आणि मुख्य म्हणजे थेट रिसॉर्टला फोन करून त्या तारखांना लग्न, कॉन्फरन्स, बांधकाम असलं काही आहे का ते स्पष्ट विचारा, पूल आणि बारपासून लांबची रूम मागा, हे सगळं ईमेलवर लेखी घ्या. नॉन-रिफंडेबल रेट स्वस्त दिसतो, पण मी तरी फ्री कॅन्सलेशनवालाच घेईन.