६०० जुलांचं भांडण सोडा, १/२५६ धरा

प्रश्न (चार पानी पत्राचा सारांश): इंदुरात रामबागेत माझा छोटा फोटो स्टुडिओ आहे. मी आणि एक मदतनीस मुलगा, एवढंच मनुष्यबळ. गेल्या दसऱ्याच्या सुमारास मुंबईच्या एका विक्रेत्याच्या संकेतस्थळावरून दोन स्टुडिओ फ्लॅश घेतले, ८४,००० रुपयांना. जाहिरातीत लिहिलं होतं: ६०० वॉट-सेकंद (म्हणजे जूल), पॉवर १/१ ते १/२५६, फुल पॉवरला रिसायकल (पुन्हा चार्ज व्हायला लागणारा वेळ) ०.९ सेकंद. मित्राच्या ४०० जुलांच्या फ्लॅशशी उजेड मोजायच्या मीटरवर ताडून पाहिलं, तर दोन्हींचं रीडिंग सारखंच. शिवाय १/३२ च्या खाली आकडा बदलतो पण उजेड कमी होत नाही. फ्लॅश तयार झाल्याची बीप वाजल्यावर लगेच क्लिक केलं तर दुसरा फोटो काळपट येतो. क्लॉथ मार्केटमधल्या एका व्यापाऱ्याने याच कारणाने साड्यांच्या कॅटलॉगच्या बिलातून ३०,००० रुपये कापले. विक्रेता म्हणतो, तुमचा जीएसटी नंबर बिलावर आहे, तुम्ही ग्राहक नाही. विकलेला माल परत नाही. आणि जायचंच असेल तर मुंबईच्या कोर्टात या. आता फार तर ट्यूब बदलून देतो म्हणतो. मराठी माणूस म्हणून विश्वास ठेवला होता. काय करू?

उत्तर: तुमच्या चार पानी पत्रात तीन पानं ६०० जुलांवर आहेत. राग समजतो, पण तोच तुमचा सर्वांत कच्चा मुद्दा आहे. ग्राहक आयोगापुढे तो पहिल्या क्रमांकावर ठेवलात, तर विक्रेत्याचा वकील दिवसभर त्याच्यावरच बोलेल आणि तुमचे पक्के मुद्दे मागे पडतील.

वॉट-सेकंद म्हणजेच जूल हे माप कपॅसिटरमध्ये साठलेल्या ऊर्जेचं आहे, बाहेर पडलेल्या उजेडाचं नाही. ती ऊर्जा कपॅसिटरची क्षमता आणि व्होल्टेजच्या वर्गावर ठरते. त्यातला किती भाग विषयावर पडतो, हे ट्यूब, रिफ्लेक्टर, सॉफ्टबॉक्सचं कापड आणि अंतर यांवर अवलंबून असतं. ४०० आणि ६०० जुलांत कागदावर फरक जेमतेम ०.६ स्टॉपचा (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). नुसता रिफ्लेक्टर बदलला तरी याहून जास्त फरक पडतो. तेव्हा मित्राच्या फ्लॅशशी केलेली तुलना ऐकताच विक्रेता विचारेल, ‘दोन्हींना रिफ्लेक्टर एकच होता का?’ पत्रात तसा उल्लेख नाही. असता तरी त्यावरून जूल सिद्ध होत नाहीत. ते सिद्ध करायला कपॅसिटर तपासावा लागेल, आणि तो तुम्ही स्वतः उघडून पाहू नका. स्विच बंद केल्यावरही त्यात जीवघेणा चार्ज उरतो, आणि सील तुटलं की ‘यांनीच बिघडवला’ हे उत्तर तयार असतं.

आता १/२५६ कडे या. १/१ पासून १/२५६ पर्यंत आठ स्टॉप होतात. प्रत्येक पायरीला मीटरवर बरोबर एक स्टॉप उतरला पाहिजे. तुमच्या फ्लॅशवर १/३२ नंतर उतार थांबतो, म्हणजे जाहिरातीतले शेवटचे तीन स्टॉप प्रत्यक्षात नाहीतच. ६०० जूल खरे धरले तर तुम्हाला सुमारे २.३ जुलांपर्यंत खाली जाता यायला हवं होतं, तुम्ही १८.७५ जुलांवर अडकलात. लहान मुलांचे पोर्ट्रेट एफ/२ वर, म्हणजे लेन्सचं छिद्र मोठं ठेवून, काढताना हा फरक किती पडतो, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. वकिलाच्या नजरेने यातली खुबी अशी की इथे दुसऱ्या कुठल्याच फ्लॅशशी तुलना नाही. तोच दिवा, तोच रिफ्लेक्टर, तेच अंतर, आणि विक्रेत्याने स्वतः लिहिलेला आकडा. वाद घालायला जागा फार थोडी उरते. लेन्सवर एनडी फिल्टर (उजेड कमी करणारी काच) लावा, असं विक्रेत्याने सुचवल्याचं तुम्ही लिहिता. ते लेखी असेल तर जपून ठेवा. खालची पॉवर मिळत नाही, याची ती जवळजवळ कबुलीच आहे.

बीपचा मुद्दाही चांगला आहे. फुल पॉवरला बीप होताच ओळीने दहा फ्लॅश मारा आणि प्रत्येकाचं रीडिंग नोंदवा. दुसऱ्यापासून रीडिंग पडत असेल, तर फ्लॅश पूर्ण चार्ज होण्याआधीच ‘तयार’ म्हणतो, हे दिसेल. हे सगळं न तोडता एका व्हिडिओत घ्या: आधी सीरियल नंबर, मग मीटरचा पडदा, मग फ्लॅश. शहरातला दुसरा एखादा अनुभवी छायाचित्रकार समोर बसवून त्याचं शपथपत्र घ्या. सध्या तुमच्याकडे आहे तो फक्त तुमचा शब्द. दिवा गरम होऊन थांबतो, ही तक्रार मात्र मॅन्युअल वाचल्याशिवाय लिहू नका. इतक्या फ्लॅशनंतर विश्रांती द्या, असं बऱ्याच मॅन्युअलमध्ये छापलेलं असतं, आणि मग तो दोष न ठरता संरक्षण ठरतं. फ्लॅश ड्युरेशनचा, म्हणजे लखलखाट किती वेळ टिकतो याचा, मुद्दा तर सोडूनच द्या. तो मोजायच्या टी ०.५ आणि टी ०.१ अशा दोन रीती आहेत, आणि जाहिरातीत कुठली वापरली हे लिहिलेलंच नाही.

जीएसटी नंबर बिलावर आहे म्हणून तुम्ही ग्राहक नाही, हे खरं नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम २(७) मध्ये व्यापारी हेतूने घेतलेली वस्तू वगळली आहे, पण त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेली आणि स्वतः वापरलेली वस्तू पुन्हा आत घेतली आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ च्या लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या निकालात सांगितलं की यंत्र चालवताना एक-दोन माणसांची मदत घेतली म्हणून कोणी ग्राहक राहत नाही, असं होत नाही. तुमचा मदतनीस सॉफ्टबॉक्स धरतो, फोटो तुम्ही काढता. व्यापारी हेतू दाखवायची जबाबदारी आधी समोरच्यावर आहे, हे २०२४ च्या श्रीराम चिट्सच्या निकालात आलं आहे. तो त्याने दाखवला, तर स्वयंरोजगार सिद्ध करणं तुमच्याकडे येतं. म्हणून तक्रारीत ‘हा स्टुडिओ मी स्वतः चालवतो, कुटुंबाचा चरितार्थ यावरच आहे’ हे वाक्य शपथेवर पहिल्याच पानावर असू द्या. ते विसरल्याने बरी प्रकरणं उगाच अडतात. इनपुट टॅक्स क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट) घेतलं असेल, तर तेवढी रक्कम परताव्याच्या मागणीतून वजा करा. दोन्हीकडून घेतलंत तर विश्वासार्हता जाईल.

‘विकलेला माल परत नाही’ ही बिलावरची ओळ मनावर घेऊ नका. सदोष माल बिलात लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदतच लिहिली नसेल तर तीस दिवसांत, परत घेऊन पैसे न देणं हीच ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम २(४७) प्रमाणे अनुचित व्यापारी प्रथा आहे. त्यातून तुम्ही ऑनलाइन घेतलंय. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांतला नियम ७ स्वतःचा माल विकणाऱ्या संकेतस्थळाला सांगतो की जाहिरातीत दिलेली वैशिष्ट्यं मालात नसतील तर परत घ्यायला नकार देता येणार नाही. तुमचं सगळं प्रकरण या एका वाक्यात बसतं. जोडीला माल विक्री कायदा, १९३० चं कलम १५ लावा: वर्णनावरून विकलेला माल वर्णनाबरहुकूम हवा.

पण बिलावर नुसतं ‘६०० वॉट स्टुडिओ लाइट’ एवढंच आहे, आणि १/२५६ चा उल्लेख फक्त संकेतस्थळावर होता. ते पान त्यांनी बदललं तर काय हाती राहील? आजच्या आज पत्ता आणि तारीख दिसेल असा स्क्रीनशॉट घ्या. ऑर्डरचा ईमेल, खरेदीआधीचं व्हॉट्सॲपवरचं बोलणं, सगळं फोनमध्येच ठेवा, फोन बदलू नका. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे अशा डिजिटल पुराव्याला लागणारं प्रमाणपत्र सोबत जोडा. आयोग पुराव्याच्या बाबतीत दिवाणी कोर्टाइतका काटेकोर नसतो, तरी जोडाच. व्हॉट्सॲपवर तुम्ही दोघं मराठीत बोललात. इंदुरात तक्रार चालवायची तर त्या संभाषणाचा हिंदी अनुवाद लागेल. मराठी माणूस म्हणून ठेवलेला विश्वास मात्र पुरावा म्हणून जोडता येत नाही.

मुंबईला जायची गरज नाही. ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ३४ प्रमाणे तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. बिलावरचं ‘मुंबई न्यायक्षेत्र’ दिवाणी दाव्यात तुम्हाला जड गेलं असतं. म्हणूनही दिवाणी वाट नको. ५० लाखांपर्यंतच्या खरेदीची प्रकरणं जिल्हा आयोगाकडे आहेत आणि पाच लाखांपर्यंत शुल्क शून्य आहे. ई-जागृती पोर्टलवर घरबसल्या दाखल होतं, वकील लावलाच पाहिजे असं नाही. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे, आणि नुसत्या पत्रव्यवहाराने ती वाढत नाही. कायदा तीन महिन्यांत, प्रयोगशाळेची तपासणी लागली तर पाच महिन्यांत निकाल लावा म्हणतो. प्रत्यक्षात त्याहून जास्त धरून चाला. जुलांचा मुद्दा घ्यायचाच असेल तर तो इथे घ्या, शेवटच्या परिच्छेदात: त्याच कायद्याच्या कलम ३८ प्रमाणे दिवा मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवावा अशी विनंती. तपासणीचा खर्च आधी तुम्हाला भरावा लागेल.

एक गोष्ट तुम्ही पत्रात सहज लिहून गेलात, पण ती तुम्हाला महागात पडेल: यातला एक दिवा अजून रोज वापरता. माल विक्री कायद्याच्या कलम ४२ प्रमाणे नाकारतो असं न कळवता माल बराच काळ ठेवला, तर तो स्वीकारला असं धरतात. मग माल परत करण्याचा हक्क संपून फक्त नुकसानभरपाई उरते. आजच दोन्ही दिवे खोक्यात घाला, चार ओळींचा ईमेल पाठवा: माल वर्णनाप्रमाणे नाही, नाकारत आहे, तुमच्या खर्चाने घेऊन जा. वर्षाची वॉरंटी दसऱ्याला संपतेय, तेव्हा हे सण येण्याआधी व्हायला हवं. त्यांच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण द्यायला हवं. तोवर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवरही नोंद करून ठेवा. खोक्यावर आयातदाराचं नाव-पत्ता पाहा. असेल तर त्यालाही सामनेवाला करा, नसेल तर त्या खोक्याचा फोटो काढा.

कापलेल्या तीस हजारांबद्दल फार आशा देत नाही. करार कायद्याच्या कलम ७३ प्रमाणे असं नुकसान तेव्हाच मिळतं जेव्हा विक्रेत्याला आधीपासून त्याची कल्पना होती. खरेदीआधी ‘साड्यांच्या कॅटलॉगसाठी हवेत, चालतील ना’ असं तुम्ही विचारलंत आणि त्याने ‘बिनधास्त घ्या’ म्हटलं, ही तुमची जमेची बाजू. पण पैसे का कापले, हे व्यापाऱ्याने लेटरहेडवर लिहून द्यायला हवं, आणि क्लॉथ मार्केटमधला शेठ कोर्टकचेरीच्या कागदावर सही करायला किती राजी असतो, हे इंदूरकराला मी काय सांगू. पत्र मिळालं तर मागा. नाही मिळालं तर हट्ट धरू नका.

ट्यूब बदलण्याला हो म्हणू नका. ट्यूब बदलून खालची पॉवर येत नाही, तो नियंत्रणाच्या सर्किटचा प्रश्न आहे. शिवाय दुरुस्ती स्वीकारली की माल नाकारल्याचं तुमचं म्हणणं पातळ होतं. पूर्ण रक्कम परत द्यायला तयार झाला, किंवा आयोगाने मध्यस्थीकडे पाठवून तिथे तसं ठरलं, तर तीस हजारांसाठी ताणून धरू नका. रक्कम आणि तारीख लेखी घ्या, सीरियल नंबरांचे फोटो काढून ठेवा, आणि पैसे खात्यात दिसल्यावरच दिवे कुरिअरवाल्याच्या हाती द्या.