फोटोसाठी उभा राहिलो की ओंडका होतो. चांगली पोज कशी द्यायची?

तुम्ही लिहिलंय की पुढच्या महिन्यात पन्हाळ्यावर प्री-वेडिंग शूट आहे, कॅमेरा समोर आला की अंग ताठ होतं, हातांचं काय करायचं कळत नाही, आणि होणारी बायको म्हणते, 'तुला पोजच देता येत नाही'. हे शेवटचं वाक्य वाचलं आणि निवडायला घेतलेली मेथी बाजूला सारून लिहायला बसले. कारण हेच वाक्य मी चोवीस वर्षं ऐकत आलेय. आमच्या यांचा फोटो स्टुडिओ आहे, कोल्हापुरात, महाद्वार रोडच्या आतल्या एका बोळात. अर्ध्या पेठेची लग्नं यांनी काढली. आणि घरच्या बायकोचे एकटीचे फोटो किती? चार. त्यातल्या तिनांत डोळे मिटलेले.

पोज देता न येणं हा उभारणाऱ्याचा दोष नसतो. तो काढणाऱ्याचा असतो. हे मी आमच्या यांच्या तोंडावर सांगितलंय, इथंही सांगते. वाचणारच आहेत ते.

तेव्हा रोलचा जमाना होता. एका रोलमध्ये छत्तीस फोटो, त्यातला एकेक मोजून वापरायचा, आणि आलाय कसा ते लॅबमधून धुऊन येईपर्यंत कळायचं नाही. लग्नाच्या ऑर्डरीला मी बरोबर जायचे. फ्लॅशची छत्री धरायची, नवरीच्या निऱ्या सारख्या करायच्या, पदर लावायचा, कपाळावरचा घाम टिपायचा. मानधन म्हणजे दोन वेळचं जेवण. बिलावर माझं नाव कधी आलं नाही, पण ते राहू दे.

२००२ सालचं मे महिन्यातलं लग्न. कार्यालयात पंखे होते, वारा नव्हता. नवरीचे एकटीचे फोटो घ्यायचे होते, म्हणजे तुम्ही जुन्या अल्बममध्ये बघितले असतील तसले: हनुवटीखाली हात, हातात लाल गुलाब, नजर अंगठीवर. आमचे हे सुरू झाले. "मान डावीकडं. जरा खाली. इतकी नको. आता हसा. दात नको. थोडं दात चालतील." पोरगी बिचारी आधी जे काही माणसासारखी बसली होती, ती या सूचना ऐकून ऐकून मातीच्या गौरीसारखी झाली. सात-आठ फोटो गेले. यांच्या कपाळावर आठ्या, कारण रोल संपत आलेला. शेवटी हे म्हणाले, "ताई, तुम्हाला पोज देता येईना बघा." नवरीच्या डोळ्यांत पाणी यायचंच बाकी होतं.

मी छत्री भिंतीला टेकवली आणि तिचे हात हातात घेतले. गार पडलेले, मे महिन्यात. विचारलं, "सकाळपासनं काय खाल्लंस?" म्हणाली, "उपास हाय की वहिनी, गौरीहर पुजायचाय." मी म्हटलं, "मग आता डोळ्यांसमोर काय दिसालंय, नवरा का जिलेबी?" ती आधी बावरली, मग म्हणाली, "मटण." आणि म्हणाली, "पण सासरी पहिला रस्सा मलाच करायला लावला तर घरदार उपाशी झोपतंय बघा." एवढं बोलून ती स्वतःच इतकी हसली की मुंडावळ्या हलायला लागल्या. माझ्या पाठीमागं 'खट्' आवाज झाला.

तो फोटो. बारा बाय पंधरा इंचाची कॉपी करून यांनी शोकेसमध्ये लावली. पोरींचे बाप बोळात थांबून बघायचे आणि आत येऊन म्हणायचे, आमच्या मुलीचा असाच काढा. अकरा वर्षं लावलेला होता, उन्हानं रंग उडाले तेव्हा उतरवला. आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला हे काय सांगायचे? "टायमिंग असतंय भाऊ फोटोग्राफीत." टायमिंग! बटण यांनी दाबलं हे कबूल. हसू कुणी काढलं?

यावरून आमच्यात आजवर किती वेळा झालंय याला गणती नाही. हे वाद हरायला लागले की बाबूराव पेंटरांना, म्हणजे मूकपटाच्या काळात कोल्हापुरात सिनेमे काढणाऱ्यांना, मध्ये आणतात. "ह्या गावात माणसानं स्वतःच्या हातानं कॅमेरा घडवलाय, खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचं स्मारक हाय, नवरीला जोक सांगणाऱ्यांचं कुठं हाय दाखव." अहो पण त्या कॅमेऱ्यापुढं कुणीतरी उभारलंच असेल ना? १९२० मध्ये त्यांचा 'सैरंध्री' सिनेमा आला तो काय नुसता कॅमेराच पडद्यावर दिसत होता?

आमची मुलगी मानसशास्त्र शिकते. तिनं मला एका फ्रेंच डॉक्टरचं सांगितलं, ड्युशेन नावाचा. त्यानं १८६२ सालीच लिहून ठेवलंय की ओठ माणूस हुकमानं ताणू शकतो, पण खऱ्या हसण्यात डोळ्याभोवतीचा जो स्नायू आवळला जातो तो हुकूम मानत नाही. आतनं आनंद झाला तरच हलतो. मी हे मुद्दाम जेवायला बसल्यावर वाचून दाखवलं. हे म्हणाले, "आमटी वाढ." म्हणून 'स्माईल प्लीज' आणि 'चीज' हे दोन्ही शब्द माझ्या डोक्यात जातात. 'ई' म्हटल्यावर ओठ फाकतात, डोळे आहेत तसेच राहतात, आणि फोटोत माणूस दात दुखत असल्यासारखा येतो.

तुम्ही ताठ होता त्याचं निम्मं कारण म्हणजे तुम्ही श्वास धरता. सगळेच धरतात. फोटोच्या आधी नाकानं श्वास घ्या आणि तोंडानं सावकाश सोडा, सोडता सोडता काढू दे. खांदे आपोआप उतरतात. दोन्ही पायांवर सारखा भार देऊन कवायतीला उभारल्यासारखं उभारू नका; एका पायावर भार टाका, दुसरा गुडघा सैल सोडा. छाती सरळ कॅमेऱ्याकडं नको, थोडं तिरकं. हनुवटीखाली घडी पडत असेल तर मान मागं ओढू नका (घाबरल्यावर सगळे नेमकं हेच करतात), उलट कासवासारखी जराशी पुढं काढा आणि मग किंचित खाली. करताना येड्यासारखं वाटतं, फोटोत दिसत नाही. डोळे मिटण्याची खोड असेल तर मिटूनच ठेवा आणि 'तीन' म्हणताना उघडा. हा शेवटचा उपाय मला यांनी कधी सांगितला नाही. लग्नातल्या दुसऱ्या एका व्हिडिओवाल्यानं सांगितला.

आणि मोबाईल तोंडाजवळ आणून काढलेल्या फोटोत नाक मोठं आलं म्हणून रडू नका. नाकाचं टोक कानांपेक्षा चार-पाच इंच पुढं असतं. फूटभरावरनं काढलं की तो फरक डोळ्यांत भरतो, सहा-सात फुटांवरनं काढलं की नाक जागेवर येतं. काढणाऱ्याला म्हणावं, चार पावलं मागं जा आणि तिथनं झूम कर. 'मी आरशात बरा दिसतो, फोटोतच असा' हे तर प्रत्येकजण म्हणतो. आरशात आपण उलटे दिसतो, भांग दुसऱ्या बाजूला. जन्मभर तोच चेहरा बघितलेला, म्हणून फोटोतला सुलटा चेहरा परका वाटतो. बाकीच्या जगाला तोच ओळखीचा असतो.

पन्हाळ्यावर दुपारी बाराला जाऊ नका. ऊन डोक्यावर आलं की डोळ्यांखाली काळे खड्डे पडतात, मग ब्युटी पार्लरला दिलेले पैसे पाण्यात. सकाळी लवकर जा, किंवा तीन दरवाजाच्या कमानीखाली, आतल्या सावलीत, बाहेरच्या उजेडाकडं तोंड करून उभारा. तसला मऊ उजेड स्टुडिओत विकत मिळत नाही. परवानगीचं मात्र आधी विचारा, गड पुरातत्त्व खात्याकडं आहे. आणि वारा असतो, तिनं केस मोकळे सोडायचे ठरवले असतील तर सगळे फोटो केसांचेच येतील.

माझा चौथा फोटो सांगायचा राहिला. लग्नानंतर पहिल्या वर्षी आम्ही संध्याकाळी रंकाळ्यावर गेलो होतो. यांनी कॅमेरा कट्ट्यावर ठेवला, टायमर लावला. दहा सेकंदं. "हलू नको, पाण्याकडं बघ, गंभीर," अशी सूचना देऊन पळत माझ्याकडं यायला निघाले, आणि भेळवाल्यानं सांडलेल्या पाण्यावरनं सपशेल आडवे झाले. फोटोत मी आहे, पोट धरून हसतेय, डोळे उघडे, पाठीमागं मावळतीचा लाल रंकाळा. खालच्या कोपऱ्यात यांचा एक बूट. मी तो फ्रेम करून कपाटावर ठेवलाय. हे आल्यागेल्याला सांगतात, "फसलेला फोटो हाय, टाकून देऊया म्हटलं तर ऐकत नाही."

आता एवढं लिहिल्यावर सांगायला पाहिजे की तुमचा फोटोग्राफर चांगलाही असेल. सगळे आमच्या यांच्यासारखे ओरडत नाहीत. आणि यांचंही काम वाईट नाही. ग्रुप फोटोत चाळीस माणसांत एक डोकं दुसऱ्याआड जाऊ देत नाहीत, ते मला सात जन्मांत जमणार नाही. पासपोर्टच्या फोटोला तर हेच बरे, तिथं हसायचंच नसतं. पण होणाऱ्या बायकोला एवढं सांगा की 'तुला येत नाही' म्हटल्यावर कुणालाच येत नाही. लग्नाआधीच सांगा, नंतर कुणी ऐकत नाही.

हातांचं विचारलं होतं, ते राहिलंच. रिकामा हात फोटोत कायम वाईट दिसतो, म्हणून त्याला काम द्या, तेही खरंखुरं. गडावर बायका झुणका-भाकरी घेऊन बसलेल्या असतात. एक भाकरी घ्या, दोघांनी मिळून मोडा, आणि मोडताना काढ म्हणावं. पुढचा फोटो काढायच्या आधी तेवढे एकमेकांचे दात बघून घ्या, खर्डा अडकतो.