डिझाइनर नसलेल्या सहकाऱ्यांना डिझाइन थिंकिंग कसं शिकवावं?

बुटीबोरीच्या कारखान्यात इनोव्हेशन सेल तुमच्याकडे आलाय आणि खरेदी, अकाउंट्स, मेंटेनन्सच्या लोकांना डिझाइन थिंकिंग (वापरणाऱ्या माणसांना समजून घेऊन उपाय शोधण्याची पद्धत) शिकवायचंय, तर सुरुवात कुठून करावी, असं तुम्ही विचारलंय. मी नागपुरातल्या कंपन्यांमध्ये हेच प्रशिक्षण देतो, त्या अनुभवावरून सांगतो.

स्लाइडपासून सुरुवात करू नका. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या डी-स्कूल या डिझाइन शिकवणाऱ्या संस्थेमुळे सगळीकडे पोचलेले पाच टप्पे (माणसं समजून घेणं, प्रश्न मांडणं, कल्पना, नमुना, चाचणी) लोकांना लगेच पाठ होतात. अवघड असतं ते उपाय सुचलेला असतानाही थांबणं. ज्याच्याकडे झटकन उत्तर तयार असतं तोच आपल्याकडे कामाचा माणूस मानला जातो. त्याच गुणावर बढत्या मिळवलेल्या माणसाला तुम्ही 'अजून उत्तर नको' म्हणणार आहात. त्याला वेळ लागणारच.

हिंगणा एमआयडीसीतल्या एका कारखान्यात सगळ्यांचं एकच म्हणणं होतं : स्टोअरच्या खिडकीवर फिटरचा फार वेळ जातो, अ‍ॅप करून टाका. मी गटाला सकाळच्या शिफ्टला त्या खिडकीपाशी उभं केलं. कुणाला काही सुचवायचं नाही, दिसेल आणि ऐकू येईल तेवढंच लिहायचं. खरेदीतल्या एका मॅडमच्या वहीत होतं : फिटर ग्रीसनं माखलेलं बेअरिंग घेऊन आला, चिंधीनं पुसून नंबर शोधत राहिला. स्टोअरकीपर म्हणाला, "नंबरच पुसला, त काय देऊ भाऊ?" मग एकेक नवं बेअरिंग काढून शेजारी धरून बघणं सुरू. अ‍ॅप असतं तरी त्यात आधी नंबरच टाकावा लागला असता.

प्रश्न नव्यानं लिहिला : नंबर पुसलेलं बेअरिंग लगेच कसं ओळखता येईल? आधीच्या प्रश्नाच्या पोटातच उत्तर (अ‍ॅप) होतं, या प्रश्नात ते नाही. प्रशिक्षणाचा सगळ्यात जास्त वेळ मी या फरकावर घालवतो, तुम्हीही घालवा.

नमुना त्यांनीच केला, पुठ्ठ्याचा. साध्या बॉल बेअरिंगसाठी 20, 25, 30 मिमीच्या खुंट्या आणि प्रत्येकीभोवती बाहेरच्या व्यासाची वर्तुळं. 20 च्या खुंटीवर बसलं आणि कड 47 मिमीच्या वर्तुळावर आली तर बेअरिंगचा नंबर 6204, 52 वर आली तर 6304. स्टोअरकीपरच्या हातात दिल्याबरोबर त्यानं विचारलं, बेअरिंगचं झाकण पत्र्याचं की रबराचं, हे कुठे लिहायचं? तो रकाना तिथल्या तिथे पेननं वाढवला. अशी चूक पुठ्ठ्यावर सापडली तर फुकटात दुरुस्त होते, हे अकाउंट्सवाल्यांना सगळ्यात आधी पटलं.

साहेब खोलीत असतील तर कल्पना आधी चिठ्ठ्यांवर लिहून घ्या, बोलणं नंतर. साहेब आधी बोलले की बाकीचे माना डोलावतात.

आणि एक गोष्ट प्रशिक्षणाची तारीख ठरवण्याआधी वरिष्ठांकडून लेखी घ्या : गटाला कुणालाही न विचारता नमुन्यासाठी किती खर्च करता येईल, आणि चाचणी जमली तर पुढचा निर्णय कोण घेईल. हा आकडा आणि हे नाव मिळत नसेल तर प्रशिक्षण पुढे ढकला.