जर्मनीहून एक्स्चेंज सेमिस्टर करून आलेली मुलगी घरात गप्प गप्प का असते?

हे बऱ्याच मुलांचं होतं. घरच्यांवरची माया कमी झाली, असा त्याचा अर्थ मुळीच नाही.

परदेशात आधी नवलाई, मग उदासी, मग जम बसणं, हा क्रम नॉर्वेचे समाजशास्त्रज्ञ लिसगार्ड यांनी १९५५ मध्ये मांडला. १९६३ मध्ये गलाहॉर्न या संशोधक दांपत्याने दाखवलं की घरी परतल्यावर तसाच उदासीचा दुसरा उतार येतो. पहिल्याची सगळ्यांनी तयारी केलेली असते, दुसऱ्याची कुणीच नाही. म्हणून तो जास्त लागतो, असं माझं मत आहे.

तिने तिथे काय काय निभावलं ते बघा. ऑक्टोबरात वर्ग सुरू, डिसेंबरात चार-साडेचारलाच अंधार, रविवारी दुकानं बंद म्हणून शनिवारीच भाजी-ब्रेड भरून ठेवायचं, सरकारी कागदपत्रं जर्मनमध्ये. हे एकटीने पार पाडलेल्या मुलीला इथे "कुठे चाललीस, कधी येणार?" हे प्रश्न टोचतात. तुमची काळजी खरी आहे, तिचं टोचणंही खरं आहे.

"कसं होतं जर्मनी?" असं विचारू नका, उत्तर "छान" एवढंच येईल. शेजारच्या खोलीत कोण राहायचं, रात्री काय शिजवायचीस, हे विचारा. घरातली एखादी जबाबदारी पूर्ण तिच्यावर सोपवा. पुण्यात असाल तर मॅक्स म्युलर भवनात जर्मन पुढे शिकता येईल. झोप, जेवण कित्येक आठवडे बिघडलेलंच राहिलं तर मात्र समुपदेशकाला भेटायला उशीर करू नका.