पॉलिएस्टर फिल्मवर चांदीच्या शाईने छापलेल्या सर्किटवर एलईडी बसवायचे आहेत. सोल्डरऐवजी वाहक गोंद चालेल का?

चालेल, किंबहुना अशा फिल्मवर वाहक गोंदच वापरा. शिसेविरहित नेहमीचं सोल्डर 217 अंश सेल्सिअसच्या आसपास वितळायला लागतं आणि प्रत्यक्षात तापमान त्याच्याही वर न्यावं लागतं. तेवढ्यात फिल्म आक्रसून वेडीवाकडी होते, शिवाय छापलेली चांदी वितळलेल्या सोल्डरमध्ये विरघळते ती वेगळीच. वाहक गोंद म्हणजे बहुधा इपॉक्सीत भरलेले चांदीचे चपटे कण, वजनाने साधारण 70 ते 80 टक्के (किंमत का चढी असते ते यावरून कळेल). इपॉक्सी घट्ट होताना आकसतं, कण एकमेकांना टेकतात आणि त्या साखळीतून वीज वाहते. म्हणून अर्धवट सुकलेला गोंद चिकटलेला दिसला तरी वीज नीट नेत नाही. दोन भागांचा गोंद खोलीच्या तापमानाला साधारण दिवसभरात घट्ट होतो. फिल्मला झेपेल एवढी ऊब दिली तर रोध कमी येतो. तरी तो सोल्डरपेक्षा जास्तच, अनेकदा दहापट. एलईडीच्या काही मिलिअँपिअरला त्याने फरक पडत नाही, मोटरला पडेल.

फक्त एलईडीच्या टोकांवर कथिलाचा मुलामा नाही ना, ते डेटाशीटमध्ये बघून घ्या. दमट हवेत चांदी आणि कथिल जिथे भेटतात तिथे कथिल गंजतं, सांध्याचा रोध वाढत जातो आणि काही महिन्यांनी दिवे लुकलुकू लागतात. चांदीचा किंवा सोन्याचा मुलामा असलेले एलईडी घ्या.