वाचकांचे प्रश्न : जुना ट्रक घरच्या अंगणात रंगवताना

प्रश्न : आमचा जुना टाटा ४०७ मासळीच्या वाहतुकीला असतो. केबिनच्या दारांच्या खालच्या कडा फुगल्या आहेत, पन्हळीजवळ गंज आहे. पाऊस संपल्यावर घरीच रंगवायचा आहे. कॉम्प्रेसर आणि गन भाड्याने मिळते. सुरुवात कुठून करावी आणि रंग कोणता घ्यावा? – एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : सुरुवात पाण्याने करा. मासळीच्या गाडीत बर्फाचे खारे पाणी सांध्यासांध्यांत मुरलेले असते. मीठ पत्र्यावर राहिले, तर रंगाखाली ओलावा ओढून घेते आणि काही महिन्यांत फुगे येतात. म्हणून घासण्याआधी गाडी साबणाने आणि भरपूर गोड्या पाण्याने धुवा. गंज काढून पत्रा उघडा केल्यावर तो भाग पुन्हा धुऊन लगेच कोरडा करा. दारांच्या तळाशी पाणी निघून जाण्याची भोके असतात. ती चिखलाने बुजली की दार आतून कुजते, आणि तुमच्या कडा बहुधा त्यामुळेच फुगल्या आहेत. तारेने भोके मोकळी करा, नाहीतर नवा रंगही तिथेच पहिल्यांदा सुटेल.

मग फुगलेल्या जागी स्क्रूड्रायव्हरचे टोक दाबून पाहा. टोक आत गेले, तर तो पत्रा कापून नवा तुकडा वेल्डिंगने बसवावाच लागेल. भोकावर पुट्टी थापू नका. वेल्डिंगआधी बॅटरीची वायर काढा, आणि डिझेल टाकीजवळ ग्राइंडरच्या ठिणग्या जाऊ देऊ नका. वरवरचा गंज तारेच्या ब्रशने आणि ८० नंबरच्या पॉलिश पेपरने पांढरा पत्रा दिसेपर्यंत काढा. जुन्या पिवळ्या-केशरी रंगांत शिसे असू शकते. तो रंग कोरडा घासून धूळ उडवू नका. ओला घासा, मास्क लावा, मुलांना लांब ठेवा.

उघड्या पत्र्यावर त्याच दिवशी दोन डब्यांचे (अस्तर आणि ते कडक करणारा हार्डनर मिसळून वापरायचे) इपॉक्सी अस्तर, म्हणजे प्रायमर, मारा. कोकणात पत्रा एक रात्र उघडा राहिला, तरी सकाळी त्यावर तांबूस झाक दिसते. अस्तराचे प्रमाण डब्यावर लिहिलेले असते. ते डोळ्यांच्या अंदाजाने नव्हे, मापाने घ्या. खड्डे पुट्टीने भरून घासून घ्या, वर पुन्हा अस्तराचा पातळ हात द्या आणि वाळल्यावर ३२० नंबरने घासा.

रंगाबाबत आमचे मत स्पष्ट आहे : घरी मारायला सिंथेटिक इनॅमल घ्या. पीयू (पॉलियुरेथेन) रंगाची चमक जास्त टिकते, पण त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट हे घातक रसायन असते. गनने मारताना त्याचे तुषार फुप्फुसात गेले, तर कायमचा दमा जडू शकतो. कापडी मास्क त्यापुढे काहीच करत नाही. बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मुखवटा लागतो, आणि तो अंगणात कुणाकडे नसतो. शेजारच्या घरालाही त्याचा त्रास होतो. शिवाय मालवाहू गाडीला ओरखडे पडतच राहणार, आणि इनॅमलवर नंतर ब्रशने हात फिरवता येतो. इनॅमल आणि इपॉक्सी मारतानाही मात्र वाफा अडवणारा, गाळणीची काडतुसे (कार्ट्रिज) बसवलेला मास्क हवाच.

४०७ च्या केबिनचा बाहेरचा पत्रा ढोबळपणे १२ चौरस मीटर धरा. एक लिटर इनॅमलमध्ये ब्रशने सुमारे १० चौरस मीटरला एक हात बसतो. गनने मारताना एक तृतीयांश तरी हवेत जातो. दोन हातांना ४ लिटर एकदम आणा आणि सगळे डबे एकत्र ढवळा, म्हणजे दाराची छटा छतापेक्षा वेगळी दिसणार नाही. गनचे तोंड १.४ मिमी, हवा ३० ते ४० पीएसआय, अंतर वीतभर, आणि प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढवा. कॉम्प्रेसरचे पाणी आधी काढून टाका. ते थेंब रंगात खळगे पाडतात. पहिला हात २४ तास वाळू द्या, ४०० नंबरच्या वॉटर पेपरने हलके घासा, पुसा, मग दुसरा. हिवाळ्यात दुपारी तीनच्या आत काम आटोपा, कारण दव पडले की चकाकी मरते. ताडपत्रीची दोरी दोन आठवडे केबिनवर घासू देऊ नका.

प्रश्न : मडगार्डवर पुट्टी भरून रंग दिला. सहा महिन्यांत भेगा पडल्या आणि कडेने फुगे आले. पुट्टी खराब होती का? – एक वाचक, बारामती

उत्तर : पुट्टी बहुधा चांगली होती, जागा चुकली. ट्यूबमधली किंवा डब्यातली तयार एनसी (नायट्रोसेल्युलोज) पुट्टी फक्त ओरखडे आणि सुईच्या टोकाएवढी छिद्रे बुजवायला असते. तिच्यातला थिनर उडताना ती आकसते. जाड थर दिला की आतून ओली राहते आणि पुढे तडकते. खड्ड्याला हार्डनरची पॉलिएस्टर पुट्टी लागते. १०० ग्रॅमला सुमारे २ ग्रॅम हार्डनर घ्या. जास्त घातल्यास पांढऱ्या रंगातून डाग वर येतात, कमी घातल्यास ती मऊ राहते. एका वेळी २-३ मिमीपेक्षा जाड थर नको. आधी ठोकून पत्रा शक्य तितका वर घ्या, म्हणजे पुट्टी कमीच लागेल. ही पुट्टी पाणी शोषते, म्हणून ती कोरडीच घासा : ८०, मग १८०. ओली घासली असेल, तर कडेच्या फुग्यांचे कारण तेच.

प्रश्न : जुन्या रंगावर नवा मारताच सुरकुत्या आल्या. असे का झाले? – एक वाचक, सांगली

उत्तर : खाली बहुधा इनॅमल होते आणि वरून एनसी थिनरचा रंग आला. थिनरने खालचा थर फुगवला. पुढच्या वेळी आडोशाची जागा निवडून एनसी थिनरचा बोळा अर्धा मिनिट दाबून धरा. रंग बोळ्याला लागला तर एनसी, सुरकुतला तर इनॅमल, काहीच झाले नाही तर भट्टीत भाजलेला किंवा पीयू. आता सुरकुतलेला भाग पूर्ण खरवडण्यावाचून उपाय नाही. वरून आणखी रंग दिला तर तोही सुरकुतेल.

प्रश्न : रंग बदलला तर आरटीओत कळवावे लागते का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : हो. आरसी बुकात गाडीचा रंग लिहिलेला असतो. तो बदलायचा असेल, तर काम सुरू करण्याआधी आरटीओत जाऊन रीत विचारा. नाहीतर पासिंगला गाडी अडते. जुनाच रंग देणार असाल, तर प्रश्न नाही. परावर्तक पट्ट्यांवर रंग उडू देऊ नका. पुढे पांढरी, बाजूंना पिवळी, मागे लाल, अशा नव्या पट्ट्या रंग पूर्ण कडक झाल्यावर लावा. कच्च्या रंगावर लावल्यास कडा उचलतात, आणि रात्री घाटात मागून येणाऱ्याला तुमचा ट्रक दिसतो तो त्या पट्ट्यांमुळेच.